पाकातला एक थेंब



या पानासाठी येणाऱ्या पत्रांचे विषय आता मला जवळजवळ पाठ झाले आहेत. पापड लाल का पडले, लोणच्यावर बुरशी का आली, सासूबाईंचे गुडघे, धाकट्याचा अभ्यास. गेल्या आठवड्यात मात्र नाशिकच्या एका भगिनीचे पत्र आले, आणि ते मी दोनदा वाचले. पत्र तसे एका बाटलीविषयी आहे. पण बाटलीच्या आडून त्यांनी जे विचारले आहे, ते आपल्यातल्या बऱ्याच जणींच्या मनात घर करून बसलेले असते. म्हणून आजचे सगळे पान त्यांच्यासाठी.

त्यांची लेक आणि जावई टोरांटोला असतात. दोन वर्षांपूर्वी दोघांनी 'व्हीगन' व्हायचे ठरवले. म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीतच. पण दूध, दही, लोणी, तूप आणि मधसुद्धा नाही. जनावरापासून आलेले काहीच खायचे नाही. गेल्या वर्षी या ताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या. जाताना साजूक तुपातले डिंकाचे लाडू नेले. लेकीने डबा उघडला, वास घेतला, तिच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिने झाकण परत लावले. "आई, मी नाही गं खाणार." लाडू ओळखीच्या एका मराठी कुटुंबाकडे गेले. ताई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण ते मनातून गेले नाही.

परत येताना लेकीने मेपल सिरपच्या दोन बाटल्या दिल्या. "आई, हे झाडाचं असतं. मधाऐवजी वापर." ताईंनी वर्षभर ते हौसेने वापरले. शिऱ्यात घातले, एका गुरुवारी दत्ताच्या नैवेद्यालाही घातले. आणि परवा हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणाले, "अहो, त्यात डुकराची चरबी घालतात! माझ्या पुतण्याने तिकडे डोळ्यांनी पाहिलंय."

ताई विचारतात, हे खरे का? खरे असेल तर माझ्या हातून हे काय झाले? आणि लेकीला सांगू की नको? पुढच्या महिन्यात त्यांना पुन्हा जायचे आहे. पत्राच्या शेवटी लिहिले आहे, "मनात येतं, माझं तूप चालत नाही आणि हे चालतं होय, असं एकदा विचारावंच."

या शेवटच्या वाक्याकडे मी शेवटीच येते. आधी बाटली.

थोडक्यात सांगायचे तर मेपलचा पाक हा झाडाचा रस आटवून केलेला असतो, आणि तो स्वतः शंभर टक्के वनस्पतीचाच आहे. हळदीकुंकवातल्या बाई अगदीच खोटे बोलल्या नाहीत, पण अर्धेच बोलल्या. शंका असते ती पाकाची नव्हे, पाक उकळताना टाकायच्या एका थेंबाची. तो थेंब कशाचा, हे विचारून घेता येते. आता नीट सांगते.

झाडाचा रस

मेपल हे थंड मुलुखातले झाड. कॅनडाच्या झेंड्यावर जे लाल पान आहे ते याचेच. जगातला बहुतेक मेपल पाक कॅनडातच होतो, आणि त्यातही क्विबेक प्रांतात सर्वांत जास्त. अमेरिकेत व्हरमाँट राज्य पुढे आहे. गोरे लोक तिथे येण्याच्या आधीपासून तिथले मूळ रहिवासी हा रस काढून आटवत असत.

फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत, रात्री पाणी गोठावे आणि दिवसा ऊन पडून बर्फ वितळावे, असे दिवस येतात. त्या काळात झाडात रस चढतो. खोडाला बोटाहून बारीक असे दीड-दोन इंच खोल भोक पाडतात आणि त्यात तोटी ठोकतात. थेंब थेंब रस खाली बादलीत, किंवा आता बहुतेक ठिकाणी लांबलचक नळ्यांतून थेट टाकीत जमतो. आपल्याकडे शिंदीची नीरा काढतात किंवा कोकणात, गोव्यात माडाचा रस काढून गूळ करतात, त्याच जातीचे हे काम. झाड चांगले जाड झाल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत. जुने भोक हळूहळू भरून येते, दर वर्षी नवे दुसरीकडे पाडतात. नीट निगा राखली तर एकेक झाड पिढ्यान् पिढ्या रस देते.

हा रस दिसायला पाण्यासारखा. त्यात साखर असते शेकडा दोन भाग, फार तर थोडी अधिक. म्हणून 40 लिटर रस आटवावा तेव्हा कुठे 1 लिटर पाक मिळतो! मोठे उत्पादक आता आधी यंत्राने बरेचसे पाणी काढून टाकतात. आपल्या घरात पिण्याच्या पाण्याचे आर.ओ. यंत्र असते ना, तेच तत्त्व. उरलेले काम विस्तवाचे. दुसरे काही घालावे लागत नाही. साखर नाही, रंग नाही, वास नाही. तो सोनेरी-तपकिरी रंग आणि तो खमंगपणा नुसत्या उकळण्याने येतो.

फेस आला, मग?

आता खरी गोष्ट. डाळ शिजायला टाकली आणि ती फेसाळून वर येऊ लागली, की आपण काय करतो? तेलाचा एक थेंब सोडतो. फेस खाली बसतो. गुऱ्हाळात कधी गेला असाल तर आठवा. काहिलीत उसाचा रस उकळतो, मळी निघावी म्हणून भेंडीचे चिकट पाणी घालतात, आणि फेस उतू जाऊ लागला की गुळव्या थोडेसे तेल सोडतो. स्निग्ध पदार्थ बुडबुड्यांच्या पातळ पडद्यावर पसरतो आणि ते फुटतात. यात जादू काही नाही.

मेपलचा रसही असाच फेसाळतो. क्विबेक आणि व्हरमाँटमधल्या शेतकऱ्यांच्या घरी हाताशी जे असे, ते ते टाकत. कुणी लोण्याचा खडा टाकी, कुणी सायीचा किंवा दुधाचा थेंब. आणि कुणी कुणी काय करत, तर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा दोरीने पातेल्याच्या वर टांगून ठेवत. फेस वर येऊन त्याला टेकला की आपोआप खाली बसे. त्या पुतण्याने जे पाहिले ते हे असणार. जुनी रीत आहे ती, आणि हौसेने जुन्या पद्धतीने पाक करणारा एखादा शेतकरी आजही ती पाळत असेल.

पण आज मोठ्या प्रमाणावर पाक होतो तिथे सहसा वनस्पतितेल किंवा बाजारात तयार मिळणारे फेस मोडणारे द्रव्य वापरतात. यातल्या तयार द्रव्यात स्निग्धाम्लांपासून बनवलेले घटक असतात. ते वनस्पतीचे असू शकतात तसे प्राण्यांचेही, म्हणून नुसते 'तयार द्रव्य' ऐकून समाधान मानू नये. प्रमाण म्हणाल तर पातेल्यामागे मोजके थेंब. पण ज्यांनी व्रत म्हणून सोडले आहे त्यांना प्रमाण सांगून उपयोग नाही, हे तुम्हा-आम्हाला कुणी शिकवायला नको. एकादशीच्या खिचडीत 'थोडाच' कांदा घातलाय, असे कुणी म्हणाले तर आपण काय म्हणू?

गाळण्याविषयीही एक शंका निघते. पाक गाळायला पूर्वी जाड लोकरीचे कापड वापरत. व्हीगन लोक लोकरही टाळतात. आता बहुधा कृत्रिम धाग्याचे कापड किंवा दाबयंत्र असते, आणि त्यात एक प्रकारची पांढरी माती वापरतात. ती माती पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळांच्या सांगाड्यांची असते. त्यात प्राणी नाही. उसाची साखर पांढरीशुभ्र करण्यासाठी अमेरिकेतल्या काही कारखान्यांत हाडांचा कोळसा वापरतात. मेपलच्या पाकाला रंग घालवायचाच नसतो, त्यामुळे तो प्रश्न इथे येत नाही.

बाटली कशी पाहावी

बाटलीच्या मागे घटक म्हणून एकच गोष्ट लिहिलेली असते : मेपल सिरप. फेस मोडणारा थेंब हा घटक न मानता प्रक्रियेतला साहाय्यक मानला जातो, म्हणून तो सहसा लिहीत नाहीत. तेव्हा नुसते घटक वाचून उलगडा होणार नाही. मग काय पाहायचे?

पहिले म्हणजे बाटलीवर 'व्हीगन' असे प्रमाणित केलेले चिन्ह आहे का पाहा. असल्यास प्रश्न मिटला. 'व्हीगन' हा शब्दच 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी काढली तेव्हा जन्माला आला, आणि त्या संस्थेचे चिन्ह आज अनेक वस्तूंवर असते. आपल्याकडेही 2022 साली व्हीगन पदार्थांचे सरकारी नियम झाले आणि त्यासाठी वेगळे हिरवे चिन्ह ठरले. आपला नेहमीचा हिरवा ठिपका मात्र यासाठी पुरत नाही. तो शाकाहाराचा आहे, आणि आपल्या शाकाहारात दूध-लोणी चालते.

दुसरी खूण तुम्हाला नवी वाटेल. ज्यू लोकांच्या आहारनियमांत दूध आणि मांस एकत्र चालत नाही. त्यामुळे त्यांचे 'कोशर' चिन्ह देणारे लोक हा फेसाचा थेंबसुद्धा तपासतात. त्या चिन्हाबरोबर 'पारवे' असा शब्द असेल, तर त्यात दुधाचेही काही नाही आणि मांसाचेही नाही, असा अर्थ.

तिसरे, 'ऑरगॅनिक' म्हणजे सेंद्रिय एवढ्यावर विसंबू नका. सेंद्रिय लोणीही असतेच की!

आणि चौथा, सर्वांत सरळ उपाय. बाटलीवर उत्पादकाचा पत्ता असतो. एका ओळीत विचारा : "पाक उकळताना फेस मोडण्यासाठी तुम्ही काय वापरता? ते वनस्पतीचे आहे की दुधाचे अथवा चरबीचे?" छोटे शेतकरी तर अगदी आनंदाने उत्तर देतात. हा प्रश्न त्यांना नवा नाही.

घरात कुणाला दुधाची ॲलर्जी असेल, तर मात्र ती बाब निराळी. तिथे व्रताचा नव्हे, प्रकृतीचा प्रश्न असतो. उत्पादकाला ॲलर्जीचे स्पष्ट सांगून विचारा आणि आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.

नावावर जाऊ नका

आणखी चार गोष्टी सांगून ठेवते, तिकडे गेल्यावर उपयोगी पडतील.

तिकडच्या दुकानात 'मेपल बटर' किंवा 'मेपल क्रीम' अशी बरणी दिसेल. नावाने घाबरू नका. त्यात लोणी नाही आणि सायही नाही. पाक आणखी आटवून, गार करून, घोटून घोटून लोण्यासारखा मऊ केलेला असतो, इतकेच.

उलट 'पॅनकेक सिरप' म्हणून जे स्वस्त मिळते, ते बहुधा मक्याच्या साखरेचे आणि वासाचे असते; त्यात मेपल नावालाही नसू शकेल. गंमत अशी की मेपलचा नकली वास देण्यासाठी आपल्या मेथीदाण्याचा अर्क वापरतात. विश्वास बसत नसेल तर मेथी मंद भाजा आणि बाटलीचा वास शेजारी घ्या.

वसंतात तिकडे पाक करण्याच्या जागी जत्रेसारखी गर्दी होते. जरूर जा, बघण्यासारखे असते. पण पाक झाडाचा असला तरी त्याखालचा पॅनकेक बहुधा अंड्याचा आणि दुधाचा असतो, आणि क्विबेककडे या जेवणात डुकराचे मांसही असते. आधी विचारून घ्या.

बाटली एकदा उघडली की फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते. आणि 'झाडाची' म्हणून ही साखर मधुमेहाला चालते असे मात्र समजू नका. ती साखरच.

आता ताईंसाठी

ताई, नैवेद्याचे मनाला लावून घेऊ नका. तुमच्या त्या बाटलीत काय होते हे अजून तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. चरबीची शक्यता फार थोडी. आणि तुम्ही जे वाहिलेत ते लेकीने प्रेमाने दिलेले, झाडाचे म्हणून, शुद्ध भावनेने वाहिलेत. देव भावाचा भुकेला, हे आपणच मुलांना सांगतो ना?

लेकीला सांगायचे का? जरूर सांगा. तिने व्रत घेतले आहे आणि त्यातली एक फट तिला ठाऊक नसेल, तर ती दाखवणारे माणूस आईहून चांगले कोण? पण कसे सांगता, यावर सगळे आहे. "माझं तूप चालत नाही आणि हे चालतं होय?" असे विचारलेत, तर ते वाक्य पाकाविषयी राहणार नाही. ते त्या लाडवांच्या डब्याविषयी होईल. आणि तिला ते लगेच कळेल, लेकच ती.

मला विचाराल तर त्या दिवशी तिने तुम्हाला नाकारले नाही. डबा उघडून वास घेतला आणि डोळ्यांत पाणी आले, हे तुम्हीच लिहिले आहे. जिला आईच्या लाडवांचे काही वाटत नाही, तिच्या डोळ्यांत पाणी कशाला येईल? तिने एक गोष्ट सोडली आहे आणि ती सोडणे तिलाही सोपे गेलेले नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी चातुर्मासात आवडीचा पदार्थ सोडला, तेव्हा कुणी त्यांना "मग हे कसं चालतं?" म्हणून उलटतपासणी केली नव्हती. केली असती तर आपल्याला आवडले असते का?

हो, एक काळजी मात्र आईने जरूर करावी. बी-12 हे जीवनसत्त्व आपल्याला दूध, अंडी, मांस यांतूनच मिळते. जे हे सगळे सोडतात त्यांना ते गोळीतून किंवा मुद्दाम मिसळलेल्या पदार्थांतून घ्यावे लागते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईने तर त्यात हयगय करून चालतच नाही. तेव्हा "गोळी घेतेस ना गं?" एवढे विचारा. तूप खात नाहीस, हे पुन्हा काढू नका.

आणि लाडू? लाडू न्याच, ताई. पण तिकडे जाऊन, तिच्या ओट्यापाशी उभे राहून करा. मी करून पाहिलेले प्रमाण देते.

बिनतुपाचे डिंकाचे लाडू

साहित्य : डिंक पाव वाटी, खाण्याचे खोबरेल तेल अर्धी वाटी, सुक्या खोबऱ्याचा कीस 2 वाट्या, खारकेची पूड 1 वाटी, बदामाची भरड अर्धी वाटी, खसखस 2 चमचे, मेपलचा पाक 1 वाटी, वेलदोडा व जायफळ अंदाजाने.

कृती : खोबरे आणि खसखस वेगवेगळी, मंद आचेवर खमंग भाजून घ्यावी. डिंक उन्हात किंवा गरम तव्यावर जरा कोरडा करून, तापलेल्या खोबरेल तेलात थोडा थोडा टाकून फुलवावा. आत कच्चा राहू देऊ नये, दाताला चिकटतो. गार झाल्यावर वाटीच्या बुडाने चुरावा. त्याच उरलेल्या तेलात खारकेची पूड आणि बदाम किंचित परतून सगळे एकत्र करावे. वेलदोडा-जायफळ घालावे.

आता पाक. पातेले चांगले मोठे आणि खोल घ्यावे, कारण वाटीभर पाकही भराभर फुगून वर येतो. मध्यम आचेवर उकळत ठेवावा. गार पाण्यात थेंब टाकल्यावर त्याची मऊ गोळी वळू लागली की उतरवावा. जास्त आटवला तर लाडू दगडासारखे होतील. लगेच मिश्रणावर ओतून ढवळावे आणि हाताला सोसेल इतके गरम असताना लाडू वळावेत. मिश्रण सुटे वाटले तर दोन चमचे गरम पाक आणखी घालावा. या प्रमाणात मध्यम आकाराचे पंधराएक लाडू होतात.

आणि हो, पाक उकळताना फेस काठापर्यंत येईल. तेव्हा घाबरून गॅस बंद करू नका. लेकीला हाक मारा, तिला दाखवा, आणि खोबरेल तेलाचा एक थेंब तिच्यासमोर सोडा. फेस खाली बसेल. मग ती बाटलीची सगळी गोष्ट तिला तिथेच सांगा. त्या वेळी ती बोचणार नाही.

लाडू तिने खाल्ले की मला दोन ओळी टाका. वाट पाहते.